भिंतीचं आज नको

मी माझ्या बहिणीच्या मरणाचं सांगितलं आणि समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बेंगळुरूतल्या एका मोठ्या हॉटेलात, आमच्या वस्तीत काम करणाऱ्या संस्थेचा कार्यक्रम होता. गार हॉल, पांढऱ्या कापडांची टेबलं. संस्थेला पैसे देणारी माणसं समोर. मी स्टेजवर, शेजारी माय, ठेवणीतली साडी नेसून. मी कन्नडमध्ये बोलत होते आणि संस्थेतली अक्का ते इंग्रजीत सांगत होती. पुढच्या टेबलावरच्या एका बाईंनी माझ्याकडे बघून हसत अंगठा वर केला.

मायला इंग्रजी येत नाही. तिनं हळूच विचारलं, "हे लोक हसाय का लागलेत?"

मला सांगता येईना. कारण मला इंग्रजी थोडं कळत होतं.

आम्ही बिदरकडचे. घरात मराठी, गल्लीत कन्नड. माय आणि बाप दोघं बेंगळुरूत बांधकामावर. येलहंक्याच्या पलीकडे, पावसाचं पाणी नेणाऱ्या मोठ्या नाल्याला लागून आमची वस्ती. नाल्याला कठडा नव्हता. पाऊस झाला की रस्ता कुठं संपला आणि नाला कुठं लागला, ते दिसायचं नाही.

अक्का वस्तीत आली तेव्हा मी नववीत होते. ती संस्थेची बाई, पण आमच्यात खाली सतरंजीवर बसायची. संस्थेनं एक खोली भाड्यानं घेतली, आम्हा पोरापोरींचा गट केला. माझा आवाज फुटायचा नाही. अक्का पुन्हा पुन्हा उभं करायची. म्हणायची, तुझं तू बोल, दुसऱ्यानं बोललं की ते तुझं राहत नाही.

गटाचं पहिलं काम आम्हीच ठरवलं. नाल्याला भिंत. वॉर्ड ऑफिसात गेलो. रिकाम्या खुर्च्या होत्या, बसा कुणी म्हणालं नाही. साहेबांनी अर्धं ऐकलं. म्हणाले, "तुम्ही नाल्याकडं राहायला आलात. नाला तुमच्याकडं आला नव्हता."

बाजूचा माणूस हसला. आम्ही "सरी सर", बरं सर, म्हणून बाहेर आलो. पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

त्याच पावसाळ्यात सोनी गेली. माझी धाकटी बहीण. अजून शाळेतही घातली नव्हती. भर दुपारी, मायला सामोरी जाते म्हणून निघाली. पाण्यात चप्पल सुटली, ती धरायला वाकली, असं बघणारे सांगतात. दुसऱ्या दिवशी पुलाखाली सापडली, प्लास्टिकच्या कचऱ्यात अडकलेली. मायनं तिचं तोंड पदरानं पुसलं. पुसतच राहिली. शेवटी बापानं तिचा हात धरला.

वर्ष सरायच्या आत तो हॉटेलातला कार्यक्रम. ते साहेब पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत. स्टेजवर जायच्या आधी अक्कानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बहिणीचं सांग. भिंतीचं आज नको. स्वल्प सांभाळून."

मी मान हलवली. पण वर गेल्यावर साहेब दिसले आणि मला सोनीचं तोंड दिसलं. मी सगळं सांगितलं. भिंत मागितली होती. आम्हाला हाकललं. मग माझी बहीण वाहून गेली.

अक्कानं माइक हातात घेतला. मग इंग्रजीत म्हणाली की बहिणीच्या दुःखातून ही मुलगी उभी राहिली, संस्थेनं तिला आत्मविश्वास दिला, आज ती लीडर आहे.

त्याच बोलण्याला त्या टाळ्या.

माय माझ्या तोंडाकडं बघत होती. उत्तराची वाट बघत. मी अक्काच्या हातातला माइक घेतला. तिनं सोडला. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "नो. आय नॉट सेड दिस. माय सिस्टर डाइड. वुई आस्क वॉल. दिस सर सेड गो."

अंगठा वर करणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. साहेब फोन कानाला लावून उठले. कुणीतरी मला पाण्याचा ग्लास आणून दिला, जसं काय मला चक्कर आली होती.

बाहेर पॅसेजमध्ये अक्का रडत होती. "पैसे थांबले तर तुमची खोली जाईल गं. मी तुमच्यासाठीच केलं." ते खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं. साहेबांचा राग करता आला. तिचा धड तोही करता येईना.

मायला मी बसमध्ये सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "त्या अक्कानं माझी लेक दुसऱ्यांदा बुडवली."

खोली गेली. अक्काची बदली झाली. गटातली काही पोरं घरच्यांनी काढून घेतली. उरलो ते आमच्या पत्र्याच्या घराच्या दारात बसू लागलो. वॉर्ड ऑफिसात जाताना आता माय बरोबर येते. आत गेली की कुणाची वाट न बघता खुर्चीवर बसते.

चकरा मारून मारून शेवटी भिंत झाली. आमच्या काठाला. पलीकडचा काठ तसाच उघडा. तिकडं आता नवी माणसं येऊन राहिलीत, त्यांची पोरं पाण्याच्या कडेला खेळतात. साहेब बदलले. नवे म्हणतात, "तुम्हाला मिळाली ना भिंत? आता काय?"

मिळाली. सोनी गेल्यावर मिळाली. पलीकडच्या एका पोरीला मी आता बोलायला शिकवतेय. येत्या सोमवारी ती ऑफिसात बोलेल, तिच्या भाषेत, तिच्या तोंडानं. अडखळली तरी मी मध्ये बोलणार नाही. आणि पलीकडं भिंत उभी राहीपर्यंत आम्ही त्या ऑफिसातून उठणार नाही.