कॅरमवरचं युरेनियम
कॅरमची बोरिक पावडर नाकात गेली की मला दिवा स्टेशनजवळची ती सभा आठवते. कोकणातल्या एका गावाच्या मुंबईकर मंडळाची खोली होती. गावाशेजारी अणुभट्टी येणार, जमिनी जाणार, आणि अधिकाऱ्यांनी गुळगुळीत पत्रक वाटून 'काळजी नसावी' एवढंच सांगितलेलं. याला उत्तर म्हणत नाहीत. मी घोषणा घेऊन गेलेलो, सोबत आमच्या चळवळीतली, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी ताई होती. तिने कॅरमच्या मधोमध सोंगट्या घट्ट रचल्या. "हा युरेनियमच्या अणूचा गाभा. ब्याण्णव प्रोटॉन, त्याहून जास्त न्यूट्रॉन, कसेबसे एकत्र बांधलेले." तिने स्ट्रायकर मारला, सोंगट्या उधळल्या. "बाहेरचा एक न्यूट्रॉन शिरला की गाभा फुटतो, उष्णता निघते आणि दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते शेजारचे गाभे फोडतात." "आणि थांबवायचं कसं?" एका काकांनी विचारलं. तिने पावडरचा डबा उचलला. "यात बोरॉन असतं. ते न्यूट्रॉन गिळतं. भट्टी आवरायला तेच वापरतात." मी वैतागून कुजबुजलो, "अगं, तू त्यांचीच बाजू मांडतेयस." "खरं तेच सांगतेय रे. अर्धवट सांगायला ते पत्रक आहेच." काकांनी तो डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे आमचं गाव या डब्याच्या भरवशावर. तो वेळेवर उघडेल, हे लिहून कोण देणार?" हरकतीच्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली, माझ्या घोषणा पिशवीतच राहिल्या. जमिनींचा निकाल अजून लागलेला नाही, पण आता कुठेही सभा ठरली की मी माइकच्या आधी कॅरम मागतो.