म्हशीच्या कानात जॅझ

व्याही गोव्याचे मिळाले, इथवर ठीक होतं. पण त्यांच्याकडे रिसेप्शनला दोन्हीकडच्या बापांनी एकेक जॅझ गाणं म्हणायची रीत आहे! मी गडहिंग्लजचा गिरणीवाला. एका चक्कीवर सुरुवात केली, आज चार आहेत. दगड झिजला की मला रस्त्यावरून आवाजावर कळतं. पण तीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटावर बोललोय. हळू बोलणं कशाशी खातात ते ठाऊक नाही. दीपा, माझी लेक, म्हणाली, "आप्पा, तेवढं ओरडू नका. मला त्याच घरात नांदायचंय."

म्हणून दोन दिवस कोल्हापूर, गाणं शिकायला. निपाणीमार्गे जाणारी एसटी धरा, दोनेक तासांत पोचता. उतरल्यावर मिसळ खा. गाणार असाल तर तिखटजाळ कट दुसऱ्यांदा मागू नका. मी मागितला.

गुरू उस्मानचाचा. आधी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट, मग गोव्याच्या हॉटेलांत जॅझ, आता वय सत्तरच्या पुढं. फी नाही. शिकवणी मात्र दूध कट्ट्यावर, जिथं म्हशी रस्त्यालाच उभ्या असतात आणि धार समोर काढून ग्लास हातात देतात.

"इथं का, चाचा?"

"घरात गायलं की शेजारी 'छान, छान' म्हणत्यात. म्हस खोटं बोलत न्हाय."

परीक्षा सोपी. म्हैस बिथरली की पान्हा चोरते. तुमच्या गाण्यावर धार चालू राहिली, तर पास.

संध्याकाळी गर्दीत मी सुरू केलं. प्रेमाचं इंग्रजी गाणं, पहिलाच शब्द असा गेला की म्हशीनं बादली लाथाडली आणि धार बंद. रांगेतले पैलवान ग्लास घेऊन माझ्याकडं बघायला लागले.

"ओ पावणं, गाणं हाय का भांडण?"

"चाचा, ह्यास्नी तालमीत पाठवा, न्हायतर घरी!"

म्हशीचे मालक रंगराव तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "घाबरलीया ओ. उद्या सकाळी या, पण हळू या."

चाचांनी मला बाकावर बसवलं. "तुमी मात्रेवर धावून जाताय. जेवायला बोलावलं की पावणा लगेच पाटावर बसतोय व्हय? 'असू दे, असू दे' म्हणतोय, मग सावकाश बसतोय. तसा शब्द बसवा. आन् गर्दीला न्हाय, एकालाच सांगा."

रात्री लॉजवर उशीला सांगितलं.

सकाळी म्हशीच्या कानाशी गेलो. रंगरावांची धार ऐकली: एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. चक्कीचा पट्टा असा कधी चालत नाही. त्या लांब धारेच्या मागून, जरा मानपान करत, शब्द सोडला. म्हशीनं कान हलवला. रवंथ चालू. धारही चालू. ग्लासभर फेस आला तेव्हा चाचा डोळे मिटून होते.

"पास?"

"म्हशीकडनं पास. लेकीचं लेकीला विचारा."

दुपारी घरी. गिरणीत आठ डबे रांगेत होते, तरी मोटार बंद केली. बायका म्हणाल्या, "लाईट गेली व्हय?" मी घराच्या दाराकडं बघून हळू गाणं म्हटलं. दळण थांबलेलं, पीठ हवेत, कुणी हसलं नाही.

दीपा पदराला हात पुसत आतून आली. चाळीस पावलांवरून माझी हाक ऐकत वाढलेली पोर. स्टूल ओढून अगदी शेजारी बसली.

"ऐकू आलं न्हाय, आप्पा. परत म्हणा की."