सिरसाळ्याच्या माळावरची चांदी

औरंगाबादच्या बसस्थानकावरून बीडची गाडी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि चळवळीची पत्रकं जास्त होती. परदेशी मालाला देशाची दारं उघडली, असं त्या दिवसांत रोज वाचायला मिळत होतं. माळामाळावर खासगी कॉलेजांच्या कमानी उभ्या राहत होत्या. कमानीच्या आत नेमकं काय उघडलं, ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं आणि त्यावर लिहायचं होतं.

शहागडला गोदावरीच्या पुलावर बसने हिसका दिला. पिशवीचा बंद तुटला आणि पत्रकं बसभर झाली. समोरच्या बाईंनी एक उचललं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात भाकर बांधू का? कागद चांगला जाड हाय."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

बीडला गाडी बदलली. तेलगावच्या पुढे काळी रानं, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, मधूनच उसाचा एखादा हिरवा तुकडा. सिरसाळ्यात मन्मथआप्पांचं किराणा दुकान आहे. त्यांची भाची माझी वसतिगृहातली मैत्रीण, म्हणून मुक्काम त्यांच्याकडे. आप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. जेवायला येसर आमटी (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली) आणि ज्वारीची भाकरी. आमटी इतकी तिखट, की व्यवस्थेवरची माझी सगळी वाक्यं घशातच राहिली.

आप्पांची मुलगी महानंदा जवळच्या माळावरच्या तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला होती. ओसरीवर ती आणि तिचा वर्गमित्र रफिक एका गाड्याभोवती बसले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रोबोंची स्पर्धा होती. गाड्याने लाकडी ठोकळा उचलायचा, चढ चढायचा आणि वरच्या टोपलीत टाकायचा. प्रत्येकाला दोन संधी. जीपच्या वायपरच्या दोन मोटारी, प्लायवूडची फळी, मोटारसायकलची बॅटरी, नळाच्या पाइपाचा हात. आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवणारी एकच गोष्ट: रुपेरी, कापडी, चिकट पट्टी.

"चांदी आण बे!" महानंदा म्हणाली आणि रफिकने गुंडाळी पुढे केली. त्या पट्टीचं खरं नाव डक्ट टेप. गार हवेच्या मशीनच्या नळांचे सांधे झाकायला वापरतात. रफिकचा मामेभाऊ पुण्यात ते काम करतो, त्याने ती पाठवली होती. गुंडाळीवरची परदेशी अक्षरं पाहून माझं डोकं तापलं.

"नटबोल्ट का नाही वापरत? ही बाहेरची पट्टी कशाला?"

"नटबोल्टाला भोक पाडावं लागतंय, ताई," महानंदा शांतपणे म्हणाली. "भोक पाडायचं मशीन वर्कशॉपात हाय. वर्कशॉपाला कुलूप हाय. तीन वरसात मी आतून बघितलं न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. प्राचार्यांनी शब्द दिला होता: महानंदाचा गाडा चढ चढला, तर वर्कशॉप रोज मुलांसाठी उघडं ठेवीन. वर्गातली पोरं तिला हसली होती. टेपवर काय चढणार, असं म्हणाली होती. तिला बक्षीस नको होतं. तिला ते दार हवं होतं.

बोलता बोलता तिने माझ्या पिशवीचा तुटलेला बंद ओढून घेतला, फडक्याने पुसला आणि चांदी गुंडाळून दिली.

सकाळी गाडा निघताना आप्पा बाहेर आले. लेकरू परीक्षेला जाताना करावं तसं त्यांनी विभूती घेतली आणि यंत्राचं कपाळ शोधू लागले. कपाळ काही सापडेना. शेवटी जिथे हात फळीला जोडला होता, त्या सांध्यावर त्यांनी तीन बोटं ओढली. माझ्या ओठांवर वाक्य आलंच होतं, पण अंगणात पाहुणी म्हणून उभी होते.

कॉलेजात पोचल्यावर महानंदाला ती विभूती परीक्षकांपुढे नको होती, पण देवाची राख पुसवेनाही. तिने विभूतीवरूनच टेपचे आणखी दोन वेढे घातले. सांधा झाकलाही आणि पक्काही झाला, असं तिला वाटलं.

मांडवात अध्यक्षसाहेब मधल्या खुर्चीत. संस्था त्यांची, रस्ता त्यांच्या काळात झालेला, मांडवही त्यांच्याच कार्यकर्त्यांनी घातलेला. प्राचार्य त्यांच्या कानाशी. आप्पा दुकान बंद करून आले होते, शेवटच्या रांगेत उभे.

महानंदाचा गाडा निघाला. ठोकळा उचलला. चढाच्या मध्यावर हात हळूच वाकला आणि फळीपासून सुटून खाली पडला. हशा उठला.

"मलमपट्टीच होती बे ती!" कोणीतरी ओरडलं.

महानंदाने सुटलेली पट्टी उचलली. चिकट बाजूवर विभूतीचे तीन पांढरे पट्टे जसेच्या तसे उठले होते. पोरांच्या ते लक्षात आलं.

"आप्पा, तुमचा देव निसटला की!"

अंधश्रद्धेवरचं अख्खं पत्रक माझ्या जिभेवर तयार होतं. आप्पा रांगेतून पुढे आले. लेकीच्या हातातली पट्टी त्यांनी उन्हाकडे धरून पाहिली.

"देव न्हाई निसटला," ते म्हणाले. "तुमी त्याला खाली दाबला. त्यो वर ऱ्हातो."

रफिकने हात पुसायला आणलेलं रॉकेल त्यांनी मागून घेतलं, स्वतःच्या उपरण्याचं टोक भिजवलं आणि आपणच लावलेली विभूती घासून काढली. एकदा, मग कोरड्या टोकाने पुन्हा.

"आप्पा, राहू द्या, मी..." महानंदा म्हणाली.

"रडती कावून, माय? आधी चांदी लाव. मग मी वरून लावतो."

तिने टेप ताणून लावला, अंगठ्याने दाबत दाबत. आप्पांनी त्या टेपवर पुन्हा तीन बोटं ओढली. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या खेपेला गाडा चढला. हात थरथरला, पण सुटला नाही. ठोकळा टोपलीत पडला. परीक्षकांनी "बांधणी" या रकान्यात शून्य दिलं आणि बक्षीस दुसऱ्यांना गेलं. महानंदाने तिकडे पाहिलंही नाही. ती प्राचार्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"बघू," प्राचार्य म्हणाले. "वर्ष संपल्यावर बघू."

अध्यक्षसाहेबांचं लक्ष गाड्याकडे होतं. "पोरी, हे चमकतंय ते काय?"

"ते कुलूप हाय, सायेब."

"म्हणजे?"

"वर्कशॉपाला कुलूप हाय म्हणून हे लावलंय. दार उघडं असतं तर नटबोल्ट लावले असते."

साहेबांनी मांडवावर नजर फिरवली. इतक्या लोकांसमोर नाही म्हणायचं नसतं, हे त्यांना कळत होतं. "प्राचार्य, किल्ली द्या पोरीला."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. शिपायाने किल्ली आणली. कुलूप गंजलेलं, ते रॉकेलनेच सुटलं. आम्ही सगळे आत गेलो.

आत काही नव्हतं. फरशीवर मशीन बसवल्याच्या बोल्टांची भोकं तेवढी होती.

"मशिनी सरकारी तपासणीपुरत्या आणल्या व्हत्या," शिपाई पुटपुटला. "तपासणी झाली, गेल्या."

महानंदा वाकली. एका भोकात तिने बोट घालून पाहिलं.

"मग तर चांदी लई लागंल," ती म्हणाली.

प्राचार्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे इकडे."

"न्हाई, सर." तिने किल्ली मुठीत घेतली. "सायबांनी समद्यांसमोर दिली. पुढल्या तपासणीला दार मीच उघडीन."

आप्पा तिच्या मागे येऊन उभे राहिले. रफिकही.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर होती. चांदीचा सांधा शहागडचा पूल ओलांडूनही सुटला नाही. लहानपणापासून मी भिंतींवर पत्रकं चिकटवत आले आहे. खळीची बादली, कुंचला, मागे घोषणा देणाऱ्या वडिलांचा आवाज. सकाळी निम्मी पत्रकं खाली पडलेली असायची, आणि आम्ही पावसाला, पोलिसांना, लोकांना बोल लावायचो. भिंत आधी पुसली होती का, हे कोणीच विचारलं नाही.

हे लिहून झालं की मी ते छापणार आहे. पहिली प्रत घेऊन मी सिरसाळ्याला जाईन, आणि ती त्या दारावर लावीन. फडकं बरोबर नेईन.