माया धरून की सोडून

साठ शर्ट पलंगावर पडले होते आणि एकाचंही गळ्याचं बटण लागत नव्हतं.

"शाळेला पोरांचे गळे आवळायचेत का गं?" सासूबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

शर्टवालीला हसू आलं नाही. सकाळीच कपड्यांचा व्यापारी दारात उभा राहून सुनावून गेला होता. "कॉलरवाली म्हणते, तुमचेच गळे मोठे कापलेत. परवापर्यंत नीट करा, नाहीतर शाळेचं सगळं काम तिला. ती कधीची मागतेय."

अकरा वर्षं शाळेचे शर्ट शिवून जिने घर ओढलं, तिला हे ऐकवायचं. तळपायाची आग मस्तकात गेली.

कॉलरवाली दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. "तिच्याकडे जाऊ नका, जिभेची फार कडू आहे," हे व्यापाऱ्याचं ठरलेलं वाक्य. कॉलरींचं गाठोडं तोच आणून टाकायचा.

तिने एक शर्ट आणि मापाची चिठ्ठी पिशवीत कोंबली आणि तडक भांडायला निघाली.

गळ्यात टेप अडकवलेल्या बाईने दार उघडलं. शर्ट बघताच म्हणाली, "तुम्हीच का माझ्या कॉलरींच्या नावाने शंख करणाऱ्या? वर माझं काम मागताय."

"मी? तुम्हीच माझं मागताय ना?"

"कोण म्हणालं?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं.

"आत या," कॉलरवाली म्हणाली. "भांडण बसूनही करता येतं."

दरवर्षी जुना शर्ट नमुन्याला यायचा. यंदा शाळेने मापं बदलली, म्हणून व्यापाऱ्याकडून दोघींना नुसत्या चिठ्ठ्या आल्या होत्या. मशीनवर दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्हींवर एकच आकडा, गळा चौदा. शर्टवालीने तो शिवून झाल्यावरचा समजून शिवणीची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, वर सोडली होती. कॉलरवालीने चौदातच माया धरली होती. दोन्ही टोकं शिवणीत गेली आणि कॉलर इंचभर तोकडी पडली.

"माया धरून की सोडून, एवढंच विचारायचं होतं," कॉलरवाली म्हणाली.

"विचारणार कुणाला? आपली गाठच पडू दिली नाही मेल्याने."

दोघी तशाच दुकानात गेल्या.

"चूक कुणाची ठरली मग?" व्यापाऱ्याने विचारलं.

"तुमच्या चिठ्ठीची," शर्टवाली म्हणाली. "नव्या कॉलरींना कापड द्या. यापुढे चिठ्ठी एकच, आमच्यासमोर लिहायची. कापणं माझ्या घरी, एकाच टेबलावर."

"आणि नाही दिलं तर?"

"तर आम्ही दोघी हे शर्ट असेच शाळेत नेतो. मुख्याध्यापिका बाईंना दोन्ही चिठ्ठ्या दाखवतो."

व्यापाऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, तुम्ही जरा आत या," तो कॉलरवालीला म्हणाला. "तुमच्याशी वेगळं बोलायचंय."

शर्टवालीने कॉलरवालीकडे पाहिलं.

"वेगळं बोलूनच साठ शर्ट अडलेत," कॉलरवाली जागची हलली नाही. "जे काय ते इथेच बोला."

व्यापाऱ्याने फळीवरून कापडाचा तागा खाली ओढला.