अक्षयाने घातलेली घडी

आमच्या मसुऱ्यात बाबलीमामाची ओळख 'विमानातून उडी मारणारा पोलीस' अशी आहे. मामा दरवेळी चूक सुधारतो, "उडी मारणारो नाय रे, घडी घालणारो."

एका पोलीस तुकडीत तो तीस वर्षं पॅराशूटच्या घड्या घालत होता. रस्ता नसेल तिथे आकाशातून उतरून ओलीस माणसं सोडवायची, यासाठी ही तुकडी उभी राहिली तेव्हा तिला धड खोलीही नव्हती. रिकाम्या गोदामात बाकं जोडून मामाने पहिली घडी घातली. पुढे लांबलचक टेबलं आली, जवानांत पोरीही आल्या. नियम मात्र पहिल्या दिवसाचाच राहिला. घडी घालणाऱ्याने अधूनमधून आपल्याच घडीवर उडी मारून दाखवायची. मामाने चाळीस उड्या मारल्या, सगळ्या स्वतःच्या घडीवर. दुसऱ्याच्या कामावर विश्वास ठेवील तर शपथ! सुट्टीत घरी आला की सत्यवतीमामीने घातलेली चादरीची घडीसुद्धा मोडून पुन्हा घालायचा.

निवृत्तीला सहा महिने उरले आणि त्याचा उजवा हात कापू लागला. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दडवलं असतं तर सहा महिने सहज निघाले असते. पण एका सकाळी एकच घडी त्याने तीनदा मोडली आणि सरळ साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. मला टेबलावरून उठवा." तेव्हा आपण रडलो, हे तो स्वतःच सांगतो. मला त्याचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्या सकाळचा.

टेबल अक्षयाकडे गेलं. कुडाळची पोर, त्यानेच शिकवलेली. शेवटच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय हवं? मामा म्हणाला, एक उडी. पॅराशूट विमानाला बांधलेल्या दोरीने आपोआप उघडणारं होतं, हाताने काही ओढायचं नव्हतं. डॉक्टरांनी कुरकुरत होकार दिला.

अक्षयाने आपण घडी घातलेलं पॅराशूट त्याच्या पाठीवर चढवलं. सवयीने मामाचा हात तपासायला मागे गेला. पोरीचा चेहरा उतरला. मामाने हात खाली घेतला आणि तो विमानात चढला.

"भियालात नाय तुमी?" तो घरी आल्यावर चादरी आवरता आवरता मामीने विचारलं.

"भियालंय तर! तीस वर्सां पोरां माझ्या हातार भरवसो ठेवन उडी मारीत. तो भरवसो केवढो आसता, ता माका त्या दिसा समाजला."

मामीने घड्या घातलेल्या चादरी मामाने उचलल्या आणि तशाच कपाटात ठेवल्या.