एका ओळीचं भांडण

मोतीराम गेला त्या सकाळी फोन आला, तेव्हा मी नुकतीच त्याची ओळ उडवली होती. सुट्टीचा दिवस, हातात चहा, समोर कॉम्प्युटर. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातलं ते पान उघडलं, आदल्या संध्याकाळी त्याने पुन्हा घुसवलेली ओळ दिसली, नेहमीसारखा वैतागलो आणि ती काढून टाकली. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'संदर्भ नाही'. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुमनवहिनी होत्या, मोतीरामची बायको. "भाऊ, लवकर दवाखान्यात या. हे उठतच नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी चप्पल घालून धावलो. रिक्षा मिळेपर्यंत, रिक्षातून उतरेपर्यंत, दवाखान्याचा जिना चढेपर्यंत माझ्या डोक्यात एकच मूर्खासारखा विचार होता, की हा आता उठेल, घरी जाईल, पान उघडेल आणि मला शिव्या घालेल... तो उठला नाही. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

ती ओळ काढण्यात माझं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही. नियम तो नियम. पण महिना उलटून गेला तरी एका जागी बसवत नाही, हेही खरं. उठतो, खिडकीशी जातो, परत येऊन तेच पान उघडतो. बायको म्हणते, "भांडायला माणूस उरला नाही ना, म्हणून तुमची ही घालमेल." तिचं बरोबरच असेल.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली, सातपूरच्या एका कारखान्यातली. मी स्टोअरला, तो इन्स्पेक्शनला. मी सायखेड्याचा, गोदाकाठच्या काळ्या मातीतला. तो सुरगाण्याच्याही वर, डोंगरातल्या हिरडमाळ नावाच्या गावचा. आश्रमशाळा, मग आयटीआय, मग थेट आमच्या कारखान्यात. जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेला भाग, हातात घेऊन उजेडाकडे धरायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी रिजेक्टचा शिक्का मारायचा. फोरमनने डोळे वटारले तरी शिक्का हलत नसे, आणि प्रत्येक रिपोर्टखाली सही ठोकल्याशिवाय कागद टेबलावरून उठत नसे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मी खायचो आणि माझ्या डब्यातलं लोणचं तो संपवायचा. मला तो नावाने कधीच हाक मारत नसे. "काय सायखेडकर," एवढंच.

देवकी ही त्याची मोठी बहीण. आईबाप मजुरीला खाली उतरले की हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. आश्रमशाळेत पोचवायला तीच पायी गेली, आणि तो पळून आला की कान धरून परत नेऊन सोडायची तीच. "मी शिकलो नाही, मला तिनं शिकवून सोडलं," असं तो म्हणायचा. ती गेली त्या साली जे घडलं ते असं. हिरडमाळची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या ज्या जमिनीवर नागली पेरत होती, ती सरकारदरबारी त्यांची नव्हती. पावसाळा सरता सरता वनखात्याच्या माणसांनी उभं पीक उपटलं. आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक जमले, रस्ता अडवला. खात्याची एक जीप पेटली. कुणी पेटवली यावर अजून दोन मतं आहेत. मग लाठीमार झाला, लोक उताराने धावत सुटले, आणि देवकीच्या डोक्याला मार लागला. बायकांनी तिला झोळीत घालून डोंगरावर नेलं. दवाखान्यात न्यावं तर वाटेत पोलीस, आणि पोलिसांच्या यादीत गावातल्यांची नावं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती घरातच गेली. पंचनामा नाही, दाखला नाही. मोतीरामला निरोप पोचला तेव्हा तिची माती होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं होतं, जमावाने जीप जाळली, कर्मचारी जखमी, जीवितहानी नाही. पेपर खोटं बोलला असंही नाही. त्या दिवशी देवकी जिवंत होती. पण नंतर तिकडे परत कुणी गेलं नाही.

पुढच्या दशकात कॉम्प्युटर आले. त्र्यंबक रोडवरच्या एका सायबर कॅफेत मोतीरामने मला ओढत नेलं आणि तो ज्ञानकोश दाखवला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, असा तो कारभार. कुणी काय लिहिलं, कुणी काय काढलं, सगळं 'इतिहास' या शब्दावर टिचकी मारली की कायमचं दिसतं. प्रत्येक लेखाला एक चर्चापान असतं, तिथे भांडायचं. आणि वादाच्या प्रत्येक वाक्याला छापील आधार द्यायचा. नाही दिला तर त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असं कुणीतरी लिहितं आणि मग एक दिवस ते वाक्य उडतं. मराठी टाइप करताना तेव्हा अक्षरांऐवजी चौकोन उमटायचे, तरी आम्ही दोघे वेड्यासारखे लिहीत सुटलो. त्याने सुरगाण्याकडची झाडं, भात, नागली, सण लिहिले. मी गोदावरीवरचे घाट लिहिले. नियमांचा कीडा असल्यामुळे मी लवकरच प्रचालक झालो. म्हणजे पानाला कुलूप घालण्याचा, कुणाला लिहायला बंदी करण्याचा अधिकार माझ्याकडे आला. "बढती झाली, पगार नाही," मोतीराम म्हणाला.

आणि मग एक दिवस 'हिरडमाळ दंगल' असा लेख उगवला. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'सह्यकडा' असं ठेवलेलं. बहुधा परदेशात बसून जुन्या पेपरांची कात्रणं धुंडाळणारा, काटेकोर माणूस. त्याच्या लेखात प्रत्येक वाक्याला आधार होता. जीप होती, तिची जळालेली चाकं होती, जखमी कर्मचारी होते. माणसं म्हणून जी होती ती फक्त 'जमाव' होती. मोतीरामने ते वाचलं आणि दोन दिवस माझ्या लोणच्याला हात लावला नाही, जसा काही तो लेख मीच लिहिला होता. मग बसला टाइप करायला. दंगल काढून आंदोलन केलं, उपटलेल्या नागलीचा परिच्छेद घातला, आणि शेवटी एक ओळ लिहिली: 'या लाठीमारात देवकीबाई ही आदिवासी स्त्री मारली गेली.' सह्यकड्याने सगळं उलटवलं, म्हणजे आधी होतं तसं करून ठेवलं. याने परत घातलं. त्याने परत उलटवलं. मी पानाला कुलूप घातलं आणि दोघांना चर्चापानावर बसवलं.

ती चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. सह्यकडा वाईट माणूस नव्हता, हे मी मोतीरामला तेव्हाही सांगत होतो. त्याचं म्हणणं, कुणाच्या भावना दुखावतात म्हणून इतिहास बदलता येत नाही. मोतीरामचं म्हणणं, मी इतिहास बदलत नाही, अर्धा राहिलेला पुरा करतोय. एका जुन्या साप्ताहिकात उपटलेल्या पिकाची बातमी सापडली, तेव्हा सह्यकड्याने स्वतःहून शीर्षकात आंदोलन हा शब्द मान्य केला. नागलीचा परिच्छेदही राहिला. अडलं ते एका ओळीवर. तिला कागद नव्हता.

मी मोतीरामला डिवचायचो. "इन्स्पेक्शनला केसाचा फरक चालत नाही तुला, आणि इथे आधाराशिवाय माल पास करायचा?"

तो म्हणाला, "जॉब मी हातात घेऊन रिजेक्ट करतो, सायखेडकर. तुम्ही हात न लावता करता."

एकदा बोलता बोलता मी सांगून बसलो, की त्या आंदोलनाच्या साली आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीला डोंगरातली माणसं आली नव्हती आणि वडील बांधावर उभे राहून नुसते करवादत होते. मोतीरामने तो धागा लगेच पकडला.

"म्हणजे तूपण साक्षीदार झालास की!"

"साक्षीदार कोर्टात चालतो. इथे छापील लागतं."

"आणि जे छापलंच नाय?"

"ते इथे येत नाही."

"मग ज्ञानकोश कशाला म्हणता? रद्दीचं दुकान म्हणा." चहाचा कप त्याने इतक्या जोरात ठेवला की टपरीवाला वळून बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "जीपला संदर्भ आहे. बहिणीला नाय."

मी दोन्ही चहांचे पैसे दिले आणि उठलो.

पुढे त्याने एक उद्योग केला. फुकटात मिळणारी एक वेबसाइट काढली, तिच्यावर देवकीची सगळी हकीकत लिहिली आणि आपल्या ओळीला तिचाच संदर्भ जोडून मोकळा झाला. कुणाला पत्ताही लागला नसता, पण या पठ्ठ्याने हकीकतीखाली आपलं पूर्ण नाव, गाव आणि तारीख घातली होती. सह्यकड्याने लगेच पकडलं. चर्चापानावर लिहिलं, 'स्वतःच साक्षीदार, स्वतःच न्यायाधीश, वा!' मी मोतीरामला विचारलं, "अरे, चोरीच करायची होती तर खाली सही कशाला केलीस?" तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "रिपोर्टवर सही नको?" मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच दुपारी मी त्याला आठवडाभर लिहायला बंदी घातली. प्रचालकाच्या खुर्चीत बसल्यावर मित्र म्हणून सोडून कसं चालेल? तो अख्खा आठवडा त्याने माझं लोणचं एकट्याने खाल्लं. दंड म्हणून.

त्यानंतर ते एक व्रतच झालं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तो ओळ घालायचा, सुट्टीच्या सकाळी मी काढायचो. त्याच्या कारणाच्या चौकटीत कधी 'खरं आहे' असायचं, कधी नुसतं 'देवकी'. आमची शेवटची भेट कंपनीच्या गेटबाहेर झाली. मी म्हटलं, "किती दिवस चालवणार आहेस हे?" तो मोटरसायकलला किक मारत म्हणाला, "तू थकेपर्यंत." आणि गेला. दोन दिवसांनी तो फोन आला.

त्याच्या दिवसांना मी हिरडमाळला गेलो. सुरगाण्यापासून जीपने, माणसांत कोंबून. अंगणात थाळी लावली होती. त्यांच्याकडे माणूस गेला की काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवतात, तिच्यावरून बोटं ओढत एक संथ घुमणारा सूर धरतात आणि त्या सुरावर कथा सांगतात. मध्येच सांगणारा थांबला आणि घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊ लागला. देवकीचं नाव आलं आणि तिच्या पाठोपाठ मोतीरामचं. बहीणभाऊ एका दमात... मला तिथे बसवेना. उठून कुडाजवळ जाऊन उभा राहिलो.

तिथे एक म्हातारी आली. सकूबाई तिचं नाव. मी कोण, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाली, "तूच का तो नाशिकचा? मोती सांगं, माझा दोस्त हाय पण लिवू देत नाय."

हे असं होतं. त्या सगळ्या गावात माझी ओळख तेवढीच होती. मी पुटपुटलो, "तसा नियम आहे, बाई." तिने मान हलवली. हे वाक्य तिने आधीही बऱ्याच जणांकडून ऐकलं असणार. मग मी न विचारताच सांगायला लागली. "झोळीला मी व्हते ना. डोकं फुटलेलं तिचं. नाकातून रगत. पानी पानी करं आन्‌ मोतीचं नाव घे. चार दिस काढले कसंतरी." जुन्या सवयीने मी आणखी दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. एक झोळीची दुसरी बाजू धरणारी, एक शेजारी राहणारा. कुणी पदरचं काही जोडलं नाही. काठी कुणाची, ते माहीत नाही असंच तिघांनी सांगितलं. इतकी वर्षं मी त्याला म्हणत होतो, आधार आण. आणि तो आधार इथे कुडाशी उभा होता, फक्त छापलेला नव्हता.

आता पान रोज उघडतो. इतिहासाच्या यादीत सगळ्यात वर माझंच नाव आहे, 'संदर्भ नाही' या शब्दांसकट. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अजूनही हात आपोआप तिकडे जातो. ओळ आलेली नसते. सह्यकडासुद्धा एकदा चर्चापानावर येऊन विचारून गेला, 'मोतीराम बरे आहेत ना?'

या पुरवणीच्या संपादकांनी मित्रावर लेख मागितला तेव्हा आधी नको म्हणालो. मग लक्षात आलं, ही पुरवणी छापली जाते. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. ज्ञानकोशाच्या नियमाप्रमाणे असा लेख संदर्भ म्हणून चालतो. तेव्हा जेवढं मला कळलं आहे तेवढंच, एक शब्द जास्त न लिहिता, इथे लिहितो: हिरडमाळच्या आंदोलनात झालेल्या लाठीमारात देवकीबाई यांच्या डोक्याला मार लागला आणि त्यानंतर काही दिवसांत त्या घरी मरण पावल्या, असं त्यांना झोळीतून नेणाऱ्या सकूबाईंनी आणि गावातल्या आणखी दोघांनी मला समक्ष सांगितलं. 'मारली गेली' असं मी लिहिलेलं नाही. मोतीराम असता तर यावरही भांडला असता, आणि मला ते हवं होतं.

हा लेख त्या पानाला मी स्वतः जोडू शकत नाही. स्वतःचं लिखाण स्वतः जोडायचं नसतं. पण वाचणाऱ्यांपैकी कुणीही जोडू शकतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ओळ घाला, पुढे या पुरवणीचं नाव आणि आजची तारीख टाका. मी उडवणार नाही.