दारावरचा कागद
पेर्निकच्या त्सोन्योला व्हिडिओ गेममधल्या तलवारी-ढालींच्या ऑनलाइन बाजारात नऊ वर्षांत कुणी गंडवलं नव्हतं. त्याने ना कधी कुणाला नाव विचारलं, ना स्वतःचं गाव सांगितलं. ‘सोकोल’ या टोपणनावाच्या गड्याशीही त्याची देवघेव नऊ वर्षं अशीच चालली.

परवा सोकोलच्याच खात्यावरून निरोप आला, “मी त्यांची बायको, नेवेना. हे गेले. त्यांची लाल तलवार तुम्हाला द्यायला सांगून गेलेत.” सोबत, तिकडच्या रिवाजाप्रमाणे दारांवर डकवतात तशा छापील मृत्यूच्या सूचनेचा फोटो होता.

त्सोन्यो चिडला. फुकटच्या वस्तूमागे चोरच असतो, हे तो नवख्यांना शिकवत आला होता. फोटो न उघडताच त्याने लिहिलं, “बाई, या महिन्यात मेलेला हा तिसरा नवरा. असले कागद कुणीही छापतं. दुसरं गिऱ्हाईक बघा.” आणि तिला ब्लॉक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे चीजची गरम बानित्सा आणायला गेला. बेकरीच्या दारावर नवा कागद डकवला होता : ख्रिस्तो सोकोलोव्ह, शोकाकुल पत्नी नेवेना. कागदावरच्या फोटोतला माणूस रोज रांगेत त्याच्या पुढे असायचा आणि निघताना त्याच्यासाठी दार धरून उभा राहायचा. नाव मात्र त्सोन्योने त्यालाही कधी विचारलं नव्हतं.